वसकन अंगावर येणारं पोरगं आणि डिप्रेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावी. आठ-नऊ महिन्यांपासून भयंकर चिडका झालाय, आधी असा नव्हता. शाळेत एका पोराला ढकललं, त्याचं डोकं बेंचला लागलं, घरी चिठ्ठी आली. घरात दारं आपटणं रोजचंच, आणि गेल्या महिन्यात आईने रात्री चार्जर काढून घेतला तर याने तिचा हात पिरगळला. शाळेतल्या काऊन्सेलर मॅडम म्हणाल्या डिप्रेशन असू शकतं, दाखवून घ्या. घरचे म्हणाले कसलं डिप्रेशन, लाडावलंय पोरगं. आणि आई विचारतेय की डिप्रेशनमध्ये माणूस गप्प बसतो ना, रडतो ना, हा तर आम्हाला रडवतोय, मग हे डिप्रेशन कसं?

ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, एकवीस वर्षं झाली प्रॅक्टिसला, आणि हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. बहुतेक वेळा असाच, म्हणजे आई विचारते आणि वडील बाजूच्या खुर्चीवर घड्याळ बघत बसलेले असतात. तर सरळ सांगतो, हो, असू शकतं. या वयातलं डिप्रेशन पुष्कळदा रडकं नसतंच, तिरसट असतं. हे माझं एकट्याचं मत नाही, आम्ही निदानासाठी जी डीएसएम-५ नावाची मानसिक आजारांच्या लक्षणांची पुस्तिका वापरतो, २०१३ सालची, तिच्यात मोठ्यांच्या डिप्रेशनमध्ये 'उदास मन' हे एक मुख्य लक्षण आहे आणि तिथेच मुलांसाठी नि टीनएजर्ससाठी वेगळं लिहिलंय की उदासपणाच्या जागी चिडचिड असली तरी ती धरायची. म्हणजे पोरगं एकदाही रडलं नाही, 'मला वाईट वाटतंय' असं एकदाही म्हणालं नाही, तरी निदान होऊ शकतं. अर्थात नुसत्या चिडचिडीवर नाही हां. नऊ लक्षणांपैकी निदान पाच लागतात, दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि आधीच्या त्याच्यात नि आताच्या त्याच्यात फरक दिसायला हवा. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, कशातच रस न वाटणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार, ही सगळी त्यात येतात. राग त्यातला फक्त वर दिसणारा भाग.

आता खरी गोष्ट. भडका किती वेळा उडतो, काय फोडलं, काय बोलला, हे मला सगळे पालक न विचारता सांगतात, अगदी तारीखवार. मला पाहिजे असतं ते वेगळंच. दोन भडक्यांच्या मधे तो कसा असतो? साधं तापट पोरगं बघा, सात वाजता आदळआपट करेल, 'मला या घरात राहायचंच नाही' म्हणेल आणि साडेआठला मित्राचा फोन आला की खिदळत खाली जाईल, आल्यावर दोन पोळ्या जास्त खाईल. त्याचा राग येतो आणि जातो. डिप्रेशनमधल्या पोराचा राग जातो पण मागे चांगलं काही उरत नाही, भडका संपला की तो परत त्या बिछान्यावर, भिंतीकडे तोंड करून, मोबाईल हातात पण बघतोय असंही नाही, नुसतं अंगठ्याने वर सरकवत राहणं. मित्राचा फोन वाजत राहतो. तुम्हाला वाटतं शांत झाला. शांत नाही झालेला, संपलेला असतो तो त्या दिवसापुरता.

एक केस सांगतो, जुनी आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील फिरवलेत. अकरावीतला मुलगा, कबड्डीचा चांगला रेडर, तालुक्याला खेळलेला. घरी पाहुणे बसलेले असताना बाथरूमच्या दाराला लाथ घालून दार तोडलं आणि सोडवायला गेलेल्या काकांना ढकललं. वडिलांचं दुकान, हसतमुख माणूस, पण त्या दिवशी येऊन बसल्या बसल्या म्हणाले, डॉक्टर याला रागाच्या गोळ्या द्या. मुलगा पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत बसला होता, बारीक बारीक तुकडे काढून माझ्या टेबलाच्या कडेला ओळीने लावत होता. मी दाराबद्दल काही विचारलंच नाही. म्हटलं, रेड करतोस का डिफेन्सला? "खेळत नाही." कधीपासून? "दिवाळी." का रे? तर म्हणाला, "पाय उचलत नाहीत." आई लगेच म्हणाली एक्स-रे काढला, पायाला काही नाही. बरोबरच आहे, पायाला काही नव्हतंच. पहाटे चारला जाग यायची त्याला आणि बिल्डिंगची पाण्याची मोटर सुरू होईपर्यंत तसाच पडून असायचा. डबा भरलेला परत यायचा, आईला वाटायचं बाहेर वडापाव खात असेल. पाच किलो वजन उतरलेलं, आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं कारण सगळ्यांचं लक्ष दारावर.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत दाराचं निघालं. पाहुण्यांसमोर वडील गंमतीत म्हणाले होते, "आता तर कबड्डी पण सोडली साहेबांनी, राहिलं काय?" मी म्हटलं, राग आला असेल ना, असं चारचौघांत बोलले. तो बराच वेळ गप्प आणि मग म्हणाला, "खरंच बोलले ना सर ते. तेच तर." हे वाक्य मी पुढे कितीतरी पालकांना सांगितलंय. टोमणा खोटा वाटला असता तर पोरगं हसून सोडून देतं किंवा वाद घालतं. तो खरा वाटला म्हणून दार तुटलं. आतून आधीच कोणीतरी दिवसभर तेच सांगत असतं त्याला, तू बेकार आहेस, तुझ्याने होणार नाही, आणि बाहेरून कोणी तेच बोललं की सहन करायला जागाच उरलेली नसते. रडायची सोय नाही, विशेषतः मुलग्यांना तर नाहीच, आपण तीन-चार वर्षांच्या पोरालाही सांगतो की मुलीसारखा रडतोस काय. मग जे दाखवायला परवानगी आहे ते दाखवतात. राग दाखवायला परवानगी असते.

बाकी यात मेंदूची आणि शरीराचीही बाजू आहेच. स्वतःला आवरणारा, थांब म्हणणारा जो पुढचा भाग आहे मेंदूचा तो पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो, भावना भडकवणारा भाग त्याच्या कितीतरी आधी जोरात चालू झालेला असतो, म्हणजे इंजिन मोठ्या गाडीचं आणि ब्रेक सायकलचे, हे सगळ्याच टीनएजर्सचं झालं. त्यात डिप्रेशन आलं की झोप जाते. या वयाला आठ ते दहा तास लागतात, याला मिळतात चार-पाच, तेही तुटक. तुम्ही स्वतः आठवडाभर चार तास झोपून बघा आणि मग कोणी सकाळी सहा पन्नासला विचारलं की बूट पॉलिश केलेस का, तर काय उत्तर देता ते बघा.

आणि एक गोष्ट जी घरच्यांना फार उशिरा कळते. डिप्रेशनमध्ये दुसऱ्याच्या बोलण्याचा अर्थच वेगळा लागतो. केनेथ डॉज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० पासून यावर काम केलंय, मारकुट्या मुलांना समोरच्याने चुकून केलेली गोष्टही मुद्दाम केल्यासारखी वाटते, धक्का लागला तर 'याने मारला' असंच वाटतं. डिप्रेशन त्यात आपली भर घालतं, साधं वाक्यही वाईट बाजूनेच ऐकू येतं. तुम्ही म्हणता "जेवलास का?" त्याला ऐकू येतं "आता जेवलाही नाहीस का?" तुम्ही म्हणता "काय करतोयस?" त्याला ऐकू येतं "परत काही करत नाहीयेस ना." म्हणून तुम्हाला वाटतं मी काय बोललेच नाही आणि हा वसकन अंगावर आला. तुमच्या बाजूने ते खरं आहे, आणि त्याच्या बाजूने त्याने जे ऐकलं तेही त्याला खरंच वाटलेलं असतं. शाळेत ज्याला ढकललं त्या पोराचंही मला वाटतं असंच काहीतरी असेल, विचारून बघा कधी शांतपणे, पण 'का ढकललंस' असं नको, 'त्याच्या आधी काय झालं होतं' असं विचारा.

हे उलट दिशेनेही चालतं बरं का. राग आधी आणि डिप्रेशन नंतर, अशीही मुलं खूप. आधीपासून चंचल, एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेलं किंवा वाचायला-लिहायला अडखळणारं पोरगं, दुसरी-तिसरीपासून रोज ओरडा, वर्गाबाहेर उभं, मित्र दूर केलेले, सहावी-सातवीपर्यंत त्याचा स्वतःबद्दलचा निकाल लागलेला असतो आणि मग खरं डिप्रेशन येतं. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तर या जोडीला स्वतंत्र कोडच होता, एफ ९२.०, वर्तनाचा त्रास अधिक डिप्रेशन. आणि एकदा दोन्ही एकत्र आले की कोंबडी आधी की अंडं हे शोधण्यात फारसा अर्थ नसतो कारण ते एकमेकांना खायला घालत असतात. चिडतो म्हणून मित्र तुटतात, मित्र तुटले म्हणून अजून खचतो, खचला म्हणून अजून चिडतो.

घरातही असंच एक चक्र बसतं. अमेरिकेत ऑरेगॉनच्या जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा घरांमध्ये जाऊन, बसून, कोण काय बोललं त्यावर कोण काय बोललं हे टिपून काढलं होतं. आई काही सांगते, पोरगं कुरकुरतं, आई आवाज वाढवते, पोरगं ओरडतं, आई दमून सोडून देते. आता दोघांनाही बक्षीस मिळालं, पोराला कळलं ओरडलं की सुटका होते, आईला कळलं सोडून दिलं की शांतता मिळते. पुढच्या वेळी दोघंही एक पायरी वरून सुरुवात करतात. तुमच्या घरी चार्जरपासून हात पिरगळण्यापर्यंत गोष्ट एका रात्रीत गेली नसणार, आठ-नऊ महिन्यांत एकेक पायरी चढली असणार. यात तुमचं चुकलं असं म्हणत नाहीये मी. दमलेला माणूस सोडूनच देतो.

मुलींचं थोडक्यात, कारण प्रश्न मुलाचा आहे. वयात आल्यानंतर डिप्रेशन मुलींमध्ये मुलांच्या साधारण दुप्पट दिसतं, आणि त्यांचा राग बहुधा जिभेतून येतो, ग्रुपमधून एखादीला तोडण्यातून येतो किंवा स्वतःच्या मनगटावर निघतो. एप्रिल-मेमध्ये फुल बाह्यांचा टॉप घालून बसलेली मुलगी 'उर्मट झालीय' म्हणून आणलेली असते तेव्हा मी आधी बाही बघतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर प्रत्येक चिडक्या पोराला तुम्ही डिप्रेशन लावाल. डिप्रेशनमधली बहुतेक मुलं कोणावर हात उचलत नाहीत. आणि प्रत्येक रागीट मूल डिप्रेस्ड नसतं. थायरॉईड, कमी हिमोग्लोबिन, बी-१२ हे रक्त तपासून बघावं लागतं. गांजा, व्हाईटनर, व्हेप, हे विचारावं लागतं, आणि ते तुम्ही बाहेर गेल्यावर विचारावं लागतं. कोणी छळतंय का, शिक्षक, शिकवणीचे सर, नातेवाईक, व्हॅनमधली मोठी पोरं, आणि लैंगिक त्रास तर नाही ना, हेही. लहानपणापासूनच, दहाच्या आधीपासून, आठवड्यातून तीन-तीन वेळा प्रचंड भडके आणि मधल्या वेळातही कायम चिडलेलंच असं वर्षभर चालू असेल तर त्याला डीएमडीडी असं वेगळं नाव आहे. पण ज्याच्यासाठी मी सगळ्यात जास्त सावध असतो ते म्हणजे बायपोलर, कधी खोल उदास तर कधी एकदम उलट टोकाची उसळी. मधेच चार-सहा दिवस असे येतात का की झोप तीन तास आणि तरी थकवा नाही, बडबड, मोठमोठे प्लॅन, पैसे उडवणं, 'मी काहीही करू शकतो'? घराण्यात कोणाला असं होतं का? हे खरं सांगा डॉक्टरांना, चुलत आजोबांचं लपवू नका, कारण अशा मुलाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर ते वरच्या टोकाला जाऊ शकतं.

उपचाराबद्दल दोन टोकाची मतं ऐकतो मी, एक गोळ्या नकोतच आणि दुसरं फक्त गोळ्या द्या काऊन्सेलिंगला वेळ नाही. अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती, २००४ मध्ये निकाल आले, १२ ते १७ वयाची ४३९ मुलं, सगळी मध्यम ते तीव्र डिप्रेशनची. बारा आठवड्यांनी बघितलं तर फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी आणि सीबीटी पद्धतीचं (विचारांच्या नि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं) काऊन्सेलिंग दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या गोळीवर सुमारे ६१, नुसत्या सीबीटीवर ४३, आणि खोट्या, म्हणजे आत औषध नसलेल्या गोळीवर ३५. मी हे आकडे कागदावर लिहून देतो पालकांना. त्यातला ३५ चा आकडाही बघा, खोट्या गोळीवर एक तृतीयांश, म्हणजे कोणीतरी नियमित भेटतंय, विचारतंय, याचंही वजन असतं. हलकं असेल तर मी गोळी न देता सुरुवात करतो, झोप, हालचाल, काऊन्सेलिंग, शाळेशी बोलणं. मध्यमच्या वर असेल, शाळा बंद पडलीय, मरणाचं बोलतोय, तर गोळीसाठी थांबत नाही.

गोळीची भीती आहे ती निराधार नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. २००४ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्या मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं साधारण ४ टक्क्यांत दिसलं आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्क्यांत. त्या चाचण्यांत कोणी दगावलं नव्हतं. याचा अर्थ गोळी देऊच नका असा नाही, पहिल्या काही आठवड्यांत डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा असा आहे. अचानक बेचैनी, पाय हलवत राहणं, झोप पूर्ण उडणं, राग आधीपेक्षा वाढणं, असं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, फोन करा. गोळीचा खरा गुण चार ते सहा आठवड्यांनी दिसतो, आणि बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागते. 'आता बरा आहे' म्हणून तिसऱ्या महिन्यात बंद केलेली पोरं परीक्षेच्या तोंडावर परत येतात.

चहात-दुधात गोळी मिसळू नका. हे इतकं कॉमन आहे की मला दर वेळी सांगावं लागतं. पोराला कळतंच एक ना एक दिवस, आणि मग तो औषधही घेत नाही आणि घरातलं जेवणही संशयाने बघतो. आणि 'रागाची गोळी' म्हणून जे मागतात ते म्हणजे पोरगं गुंगीत ठेवायचं औषध. फार हिंसक झालं असेल तर थोड्या दिवसांसाठी आम्ही तशी औषधं वापरतोही, पण तो उपचार नाही, ते आग विझेपर्यंत ओतलेलं पाणी. कोणी दृष्ट काढा म्हणालं तर काढा, माझी काही हरकत नाही, फक्त त्यासाठी अपॉइंटमेंट रद्द करू नका.

आता घरी काय करायचं. पहिलं म्हणजे हात पिरगळला ते विसरायचं नाही. डिप्रेशन आहे म्हणून मारायला माफी आहे असं अजिबात नाही, आणि गंमत म्हणजे पोरांनाही ती माफी नको असते, मारून झाल्यावर त्यांना स्वतःचीच किळस येते आणि आजार अजून खोल जातो. पण ते सांगायची वेळ भांडणातली नाही. भडका उडाला की एकानेच बोलायचं, कमी बोलायचं, खालच्या आवाजात. आजी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांनी दारात गोळा व्हायचं नाही. धाकटं भावंड असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं. त्याचा बाहेर जायचा रस्ता अडवायचा नाही, दारात उभं राहून 'कुठे चाललास सांगून जा' हे त्या मिनिटाला नको, तिथेच धक्काबुक्की होते. अंगावर येतोय असं वाटलं तर तुम्ही निघा खोलीतून, त्यात कसला कमीपणा नाही. मग दुसऱ्या दिवशी, पोटात काही गेल्यावर, एकदाच आणि दोन वाक्यांत. "काल हात पिरगळलास, तो अजून दुखतोय. कितीही राग आला तरी या घरात कोणी कोणावर हात उचलायचा नाही." कोणी कोणावर. हे बाबांनाही लागू. दोन ठेवून दिल्या की सरळ होईल असं ज्या घरात म्हणतात तिथे मी विचारतो, आतापर्यंत किती ठेवल्या आणि किती सरळ झाला? मारून तो एवढंच शिकतो की ज्याचा हात जड त्याचं खरं, आणि सोळाव्या वर्षी त्याचा हात तुमच्यापेक्षा जड झालेला असतो.

जे तोडलं ते दुरुस्त करायला त्याने हात लावायचा, तो कबड्डीवाला सुतारासोबत बसून बिजागऱ्या लावत होता. शिक्षा छोटी, ठरलेली आणि लगेच संपणारी असावी. महिनाभर मोबाईल बंद, क्रिकेट बंद, असलं नको. विशेषतः ज्या एका गोष्टीसाठी तो अजून बिछान्यातून उठतोय ती काढून घेऊ नका, मग तो गल्लीतला क्रिकेट असो की ढोलपथकाचा सराव. दहावी आहे, कळतं मला. पण झोप न झालेलं आणि खचलेलं पोरगं अकरा तास पुस्तकासमोर बसवून काही आत जात नाही. चार्जरचं म्हणाल तर रात्री हिसकावून घेण्यापेक्षा संध्याकाळी ठरवा, घरातले सगळे फोन साडेदहाला हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचा पण.

आता अवघड भाग. त्याला विचारा. "तुला कधी जगूच नये असं वाटतं का? मरायचा विचार येतो का?" अगदी याच शब्दांत. विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते असं आईवडिलांना वाटतं, तसं होत नाही, उलट बहुतेक पोरं सुटल्यासारखा श्वास सोडतात. राग आणि डिप्रेशन एकत्र असलेल्या पोरांबाबत मला जास्त काळजी वाटते कारण यांच्याकडे विचार आणि कृती यांच्यात अंतर फार थोडं असतं, भांडण झालं आणि दहा मिनिटांत काहीतरी करून बसले असं होतं. म्हणून घरातली औषधं, फिनेल, उंदराचं औषध, आणि गावाकडे असाल तर फवारणीची औषधं, हे सगळं कुलपात, किल्ली तुमच्याकडे. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा डबापण, तो सगळे विसरतात. आणि कधी काही प्रयत्न झालाच तर पोलीस केस होईल म्हणून लपवत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालतात, तिला गुन्हेगार म्हणून शिक्षा करायची नसते.

कुठे दाखवायचं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, कोणत्याही सरकारी मेडिकल कॉलेजला असते, केसपेपर काढायचा आणि बसायचं, गर्दी असते पण डॉक्टर असतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही ओपीडी आहे, नावाला घाबरू नका, दाखवायला गेलात म्हणून कोणी ठेवून घेत नाही. गोव्यात असाल तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय. सरकारी दवाखान्यांतून किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक चालतात, सुरुवातीला बोलायला ती बरी. आणि रात्री-बेरात्री काही झालं, किंवा आधी नुसतं कोणाशी बोलायचंय, तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही एकटे आहात असंही समजू नका, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. साठ पोरांच्या वर्गात चार जण होतात ते.

त्याला आणायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. खोटं सांगून आणू नका. एकाला 'डोळे तपासायला जाऊ' म्हणून आणलं होतं, माझ्या दारावरची पाटी वाचून तो मागच्या मागे जिन्याने उतरून गेला, पुढे चार महिने आला नाही. 'तुझं डोकं ठिकाणावर नाही' हेही नको. खरं तेच सांगा, पण त्याला जे खुपतंय तिथून सुरू करा. "तुला झोप लागत नाही, दमलेला दिसतोस, मला काळजी वाटते, एकदा दाखवून येऊ. आत तू एकटा बोल, मी बाहेर बसते." ते शेवटचं वाक्य पाळा मात्र. पहिल्यांदा नाही म्हणेल. आठवड्याने परत विचारा. अगदीच नाही आला तर तुम्ही दोघं या, पोराशिवायही बरंच काम होतं, कधीकधी अर्धं.

तो कबड्डीवाला साधारण चौदा महिने येत होता. आता कॉलेज संपलं, वडिलांच्या दुकानातच बसतो, रविवारी मैदानावर जातो. अजून फटकळ आहे. तो स्वभाव, त्याला माझ्याकडे औषध नाही.

आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एक काम करा. स्वयंपाकघरात कॅलेंडर असेल ना, दुधाचा हिशोब लिहिता ते. रोजच्या चौकोनात तीन गोष्टी लिहा. किती वाजता झोपला आणि कधी उठला, डबा संपवून आणला की भरलेला, आणि दिवसभरात स्वतःहून काही केलं का, म्हणजे कोणाला फोन केला, गाणं लावलं, खाली गेला, हसला. भडक्यासाठी फक्त एक फुली आणि वेळ, त्याच्यावर निबंध नको. एका घरी अशा पंधरा दिवसांच्या फुल्या बघितल्या तर जवळजवळ सगळ्या सकाळी पावणेसातच्या आणि रविवारी रात्रीच्या निघाल्या, शोधत गेलो तर स्कूल व्हॅनमधली तीन पोरं निघाली जी याला रोज मागच्या सीटवर दाबून बसवायची. त्याने दीड वर्षात घरी सांगितलं नव्हतं. त्याला लपवून लिहू नका, विचारलं तर सांगा की तुझी झोप लिहितेय डॉक्टरांना दाखवायला. येताना ते पान फाडून आणा, फोटो काढून आणलात तरी चालेल.